फाटलेली कोळंबी

मी आरंभशूर आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला ते कुणी तोंडावर सांगितलेलं आवडत नाही. उरणच्या माझ्या खोलीत एक बाजाची पेटी आहे, तिच्यावर मी सारेगमच्या पुढे गेलेले नाही. योगासनांची चटई घेतली, ती शेजारीण पापड घालायला नेते. न्हावा शेव्याच्या एका ऑफिसात मी कंटेनरचे कागद बघते. तिथे तेवढी रोज जाते, कारण पगार आहे. तेव्हा उत्साहावर बोलायचा मला हक्क आहे, तो माझ्याकडे पोत्याने असतो. कमी पडतं ते दुसरंच काहीतरी. ते दुसरं काय असतं, हे मी आमच्या गावच्या घराच्या पडवीत बसून जवळजवळ वर्षभर बघितलं, आणि अजून मला ते पुरतं कळलंय असं नाही.

माझी आई मासळी विकते. अलिबागहून काशीदला जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कोळीवाडा आहे आणि रस्त्यालगतच मासळी बाजार, म्हणजे पत्र्याची शेड आणि सिमेंटचे ओटे. आईचा ओटा अगदी तोंडाशी. काशीदला निघालेले पर्यटक गाडीची काच खाली करून पहिला भाव तिलाच विचारतात. वडील गेल्यावर मला आणि माझ्या भावाला तिने त्याच ओट्यावर बसून वाढवलं. मी कॉलेजात गेले ती त्या ओट्यामुळे, आणि भावाची होडी आली तीही त्यामुळेच.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी बोंबील मोजता मोजता आई एका अंगाला कलली. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. अलिबागला दवाखान्यात नेलं, डॉक्टर चांगले भेटले, वेळेवर उपचार झाले. पाय सुधारला. जीभही सुधारली, आणि ती सुधारल्या सुधारल्या तिने पहिल्यांदा नर्सलाच धारेवर धरलं, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. उजवा हात मात्र आला नाही. बोटं होती, पण ऐकत नव्हती. ग्लास धरायला जायची आणि ग्लास खाली.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. पावसात होड्या बंद असतात. नारळी पौर्णिमा झाली की त्या पुन्हा समुद्रात जातात, आणि पहिली मासळी बाजारात येते त्या सकाळी प्रत्येक बाईने आपल्या ओट्यावर स्वतः पाटी ठेवायची, स्वतःच्या हाताने पहिला मासा कापून द्यायचा. ज्या बाईला ते जमणार नाही तिचा ओटा रांगेत वाट बघणाऱ्या दुसऱ्या बाईला मिळतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण त्यावर कुणी वादही घालत नाही. मासा साफ करून देता आला नाही तर कोळीण कसली? आमची वहिनी आतल्या भातशेतीच्या गावातली. तिला मासे खायला येतात, विकायला येत नाहीत. म्हणजे आईचा हात आला नाही तर ओटा गेला.

दवाखान्याच्या खाटेवर आई मला म्हणाली होती, "ओटा गेला तर मला परत आनलंत कशाला?" ती उगीच रडणारी बाई नव्हे. ती हे अगदी कोरड्या आवाजात बोलली आणि मी बाहेर जाऊन रडले.

मग मी कामाला लागले, म्हणजे माझ्या पद्धतीने. रजा काढली. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी व्यायाम शिकवले: स्पंजचा चेंडू दाबायचा, कपडे वाळत घालायचे चिमटे उघडायचे, मणी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. मी रंगीत खडूंनी वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. मोबाइलवर एक कोट घातलेला गृहस्थ लावायचे, तो ओरडून ओरडून सांगायचा की मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो. आईला तो भलताच आवडला. "मानूस बोलतो मात्र झकास," म्हणायची. पहिला आठवडा तिने असा काही चेंडू दाबला की विचारू नका. शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या, वाहवा करायच्या, आणि बायका आल्या की आई आणखी जोर लावायची. मी निश्चिंत मनाने उरणला परतले.

पुढच्या फेरीला चेंडू खाटेखाली होता आणि त्याच्याशी मांजर खेळत होतं. फोनवर मी विचारायचे, "व्यायाम केलास का?" आई म्हणायची, "केला." मागून वहिनीचा आवाज, "ताई, खोटं बोलतात त्या." मी चिडले. मी चिडते तेव्हा बरंच बोलते, ते इथे लिहीत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चेंडू दाबून व्हतंय काय गो? दाबला तरी चेंडू तसाच, न्हाय दाबला तरी तसाच." यावर त्या कोटवाल्या गृहस्थालाही उत्तर सुचलं नसतं.

आणि त्यात भर आमच्या लोकांच्या मायेची. आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी कुणी अख्खा मासा नेत नाही. साफ करून, तुकडे पाडून, नाहीतर सरळ कालवण करून झाकलेल्या भांड्यातून पाठवतात. आईच्या दारात रोज दोन-तीन भांडी यायची. काटेसुद्धा काढलेले असायचे. ती डाव्या हाताने चमच्याने जेवायची, आणि उजवा हात मांडीवर पडून असायचा. मला तेव्हा त्या मायेने अगदी भरून यायचं. त्या मायेनेच हात मांडीवर पडून राहतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संक्रांत झाली आणि एक दिवस भर ऑफिसात वहिनीचा फोन आला. ती संतापाने बोलत होती. बाजारात आईच्या शेजारच्या ओट्यावर जी बसते तिने सकाळी येऊन आईच्या पुढ्यात कोळंबीची पाटी आदळली होती. अख्खी कोळंबी, डोक्यासकट, मिशांसकट. "सोलून ठेव. सोडे घालायचेत. ऊन चढायच्या आत पायजेत," एवढं बोलून ती निघून गेली.

त्या बाईला मी मावशी म्हणते, पण आईचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकीची पाटी दुसरीच्या हद्दीत वीतभर सरकली की दोघींच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, आणि गिऱ्हाईकं भाव करायचं विसरून ऐकत उभी राहायची. आता या बाईने आजारी माणसाच्या दारात न सोललेली कोळंबी नेऊन ठेवली, हे वाऱ्यासारखं कोळीवाडाभर झालं. सगळ्यांनी नावं ठेवली.

आईनेही ठेवली. वहिनी सांगत होती, तासभर तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण कोळंबी समोर होती. सोडे म्हणजे सोलून उन्हात कडक वाळवलेली कोळंबी, आमच्याकडची सगळ्यात महागाची चीज. कोळंबी ताजी असताना, उन्हाच्या आधी सोलायला लागते, नाहीतर नासते. आणि आमच्या दारात मासळी कधी नासली नव्हती. वहिनी मदतीला सरसावली तर आई म्हणाली, "हात लावू नको." डाव्या हातात कोळंबी धरली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने कवच काढायला बसली. अंगठा घसरायचा, कोळंबी फाटायची. मधला काळा दोरा काढताना तर चिंधड्या व्हायच्या. ऊन चढता चढता मावशी आली, तिने भांड्यात बघितलं, "एवढीच?" म्हणाली आणि घेऊन गेली. शाबासकी नाही, चौकशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी पुन्हा हजर.

रविवारी मी करंजाहून रेवसला लाँचने गेले आणि तिथून तडक गावी. वाटेत मनात भाषण तयार केलं होतं. मावशी पडवीत बसलीच होती, आईच्या समोर, दोघींच्या मध्ये पाटी. मी म्हटलं, "मावशी, आजारी माणसाकडून काम करून घेतेस? लाज नाही वाटत?"

तिने मान वर केली नाही. "मग कोन सोलनार, तू? बस."

मी बसले. का बसले ते सांगता येत नाही. तिच्या बोलण्यात विनंतीही नव्हती आणि दटावणीही नव्हती, बसायचंच होतं एवढंच होतं. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा माझ्या बोटात घुसला तेव्हा आई आणि मावशी दोघी एकाच वेळी चुकचुकल्या. माझं भाषण तसंच राहिलं.

इथून माझं कुतूहल सुरू झालं. चेंडू पंधरा दिवससुद्धा न दाबणारी आई कोळंबीला रोज कशी बसते? मला वाटलं, राग. मावशीला दाखवून द्यायचं म्हणून. राग होता, नाही असं नाही, पण तो पहिल्या आठ-दहा दिवसांतच विरला. नंतर शिव्यासुद्धा सवयीने दिल्यासारख्या, त्यात जोर नसायचा. मग वाटलं, गोडी लागली असेल. तीही नाही. आई रोज कुरकुरत बसायची. पाठ दुखते, वास येतो, डास चावतात, कशाला आणते ही अवदसा. मग वाटलं, हात सुधारतोय हे दिसत असेल म्हणून हुरूप येत असेल. पण फेब्रुवारी-मार्चपर्यंत काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी दर रविवारी भांड्यात डोकावायचे आणि अर्धी कोळंबी फाटलेलीच असायची. मी असते तर कधीच सोडून दिलं असतं, पेटीसारखं.

वैशाखातला एक दिवस मला चांगला आठवतो. उकाडा असा की पडवीतली लादी तापलेली. मावशीला ताप होता, डोळे लाल झालेले. आईची आदल्या दिवशी भावाशी कशावरून तरी बाचाबाची झाली होती आणि ती कुणाशीच बोलत नव्हती. मला वाटलं, आज सुट्टी. पण मावशी आली, पाटी ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पाट ओढला आणि सुरुवात केली. डोकं मोडायचं, कवच काढायचं, दोरा ओढायचा, भांड्यात टाकायचं. दोघींच्याही चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नाही. मी पंख्याखाली बसून बघत होते आणि मनात शोधत होते, यातलं उत्साह नावाचं काय आहे? काहीच नव्हतं. कोळंबी मात्र सोलून होत होती. पाटी रिकामी झाली, मावशी भिंतीचा आधार घेत उठली आणि गेली.

त्या दिवशी मला माझाच राग आला आणि थोडी भीतीही वाटली. आजवर मी जे जे सोडलं ते मन लागत नाही म्हणून सोडलं, आणि ते कारण मला अगदी रास्त वाटत आलं होतं. इथे दोन बायका मन न लागताच रोज बसत होत्या, त्यांनी मनाला विचारलंच नव्हतं.

जून लागला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, ताडपत्र्या पडल्या. ऊन नाही म्हणजे सोडे नाहीत. मी आईला म्हटलं, आता पुन्हा चेंडू काढ. पण मावशी छत्री सांभाळत हजर. तिच्या भांड्यात खाडीतली करंदी होती, म्हणजे बारीक कोळंबी, सोलायला दुप्पट कटकटीची. मी विचारलं, "आता कशाला गो मावशी?" ती म्हणाली, "काशीदला एक हाटेलवाला हाय, त्याला सोललेली लागते." झालं, आई बारीक करंदीला बसली. पहिल्या दिवशी तिने दोनदा भांडं ढकलून दिलं आणि दोनदा परत ओढून घेतलं. तिची ती चिमूटभर करंदी आणि तिची ती बोटं बघवत नव्हती. पण आषाढ संपता संपता एका रविवारी मी सवयीने डोकावले तर भांड्यात अख्खी, आकड्यासारखी वळलेली करंदी. फाटलेली शोधावी लागत होती. मी आईचा हात हातात घेतला तर ती म्हणाली, "सोड, वलाय."

फिजिओवाल्या ताईंकडे नेलं. त्यांनी बोटं वाकवून, ताणून बघितली आणि खूश होऊन म्हणाल्या, "व्यायाम नियमित केलेले दिसतात." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मी कुठं व्यायाम केला?" आणि ती थट्टा करत नव्हती.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या गेल्या, आल्या, आणि पहिल्या मासळीच्या सकाळी आई आपली पाटी घेऊन ओट्यावर बसली. मी रजा घेऊन मागे उभी. ओट्याची वाट बघणारी बाईही समोरच्या खांबाशी उभी होती, पाटी कमरेवर घेऊन. ती वाईट बाई नाही, तिलाही घर आहे. पण त्या वेळी मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. काशीदला निघालेली एक गाडी थांबली, आतल्या बाईंनी पापलेटं निवडली आणि म्हणाल्या, "साफ करून द्या, आणि जरा लवकर."

आईने कोयता उचलला. उजव्या हाताने. पर कापले, पोट साफ केलं, खवले काढले. लवकर नाही जमलं. तुकडे वाकडे पडले, एक तर चक्क तिरका गेला. बाईंनी घड्याळात बघितलं, पुन्हा बघितलं, पण पिशवी घेतली आणि गेल्या. खांबाजवळच्या बाईने पाटी कमरेवरून खाली घेतली आणि आतल्या कोपऱ्यात जमिनीवर जाऊन बसली. माझे डोळे वाहायला लागले, मी ते मुळीच लपवले नाहीत. मावशी शेजारच्या ओट्यावरून आपल्या गिऱ्हाइकाशी बांगड्यांच्या भावावर हुज्जत घालत होती. तिने इकडे ढुंकूनही बघितलं नाही.

थोड्या वेळाने मावशीची सून सगळ्यांना चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देत म्हणाली, "बरं झालं गो ताई. आता तरी आमच्या घरातली कोळंबी बंद व्हईल."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे काय? तुझ्या आयेची सगली फाटलेली कोळंबी आमीच खाल्ली. सोडे कसले व्हतायत तिचे? कालवन, भात, भजी, नुसती कोळंबी. माजा नवरा ताट बघून उठून जायाचा."

"आणि तो काशीदचा हॉटेलवाला?"

"कुठला हाटेलवाला?" ती म्हणाली आणि पुढच्या ओट्यावर चहा द्यायला गेली.

मी कप तसाच हातात घेऊन उभी राहिले. होडीवरून विकत घेतलेली चांगली कोळंबी ती बाई रोज आमच्या पडवीत आणून फाडू देत होती, आणि फाटलेली घरी नेऊन मुलाबाळांना घालत होती, आणि घरच्यांची बोलणी खात होती. हे एक-दोन दिवस नव्हे. तापात, पावसात, आईच्या शिव्या ऐकत. गिऱ्हाईक गेल्यावर मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "मावशी, इतके महिने रोज कशी आणलीस गो?"

तिला प्रश्नच कळला नाही असं तिचं तोंड झालं. "ती सोलीत व्हती ना," ती म्हणाली. "मग काय, आनू नको?" आणि मला बाजूला हो म्हणाली, कारण मी तिच्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाटेत उभी होते.

दुपारी बाजार उठल्यावर आई आणि मी घरी निघालो. पाटी तिने मला घेऊ दिली नाही. हे तिला सांगावं की नाही, मला कळेना. आपण सोललेलं काहीच कामाला आलं नाही हे कळलं तर हिला काय वाटेल? पण माझ्या पोटात काही राहत नाही. मी जपून, आडून आडून सुरुवात केली, तर आईने मध्येच तोडलं.

"म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"लहान व्हते तवापासून सोडे घालतंय मी. फाटक्या कोळंबीचे सोडे न्हाय व्हत, हे मला न्हाय कळनार?"

"कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या दिसापासून."

मी रस्त्यातच थांबले. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, आयुष्यात इतकं काही जाणून घ्यावंसं मला वाटलं नसेल. "अगं मग कामाला येत नाही हे माहीत असून रोज सोलत कशाला बसलीस, आये?"

आईने पाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मावशीसारखंच तिलाही वाटलं असावं की ही शिकलेली पोरगी भलतंच काहीतरी विचारतेय.

"ती आनीत व्हती ना गो रोज," ती म्हणाली आणि चालू लागली.